चालू मशीनला कुंकू

आमच्या घरात जी जी नवी वस्तू आली, ती एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर फेकली गेली. मिक्सर आला तेव्हा त्याचं भांडं आईने बाबांना मारलं. टीव्हीचा रिमोट बाबांनी भावाच्या कपाळावर मारला, त्याची खूण अजून आहे. घरातला पहिला मोबाइल भावाने भिंतीवर फोडला, कारण भिंतीपुढे मी उभी होते आणि ऐन वेळी बाजूला झाले. यंत्रं आली आणि माणूस सुधारला असं लोक म्हणतात. आमच्याकडे फेकायच्या वस्तू तेवढ्या सुधारल्या.

आजोबांच्या काळात फेकण्यासारखं फारसं काही नव्हतं. पालेगावात आमची भातशेती होती, आणि आजोबांकडे विळा, कोयता, पहार आणि नांगर. विळा त्यांच्याही आजोबांच्या वेळचा. मूठ बदलली, पातं झिजलं म्हणून लोहाराने नवं घातलं, पण आकार तोच आणि धरायची रीतही तीच. आजोबा त्याच विळ्यावर शिकले आणि त्याच विळ्यावर म्हातारे झाले. संतापी होते. बांधावरून वाद झाला तेव्हा त्यांनी चुलतभावाच्या खांद्यावर कोयत्याचा वार केला होता. उलट्या बाजूने केला म्हणून तो वाचला. पुढच्या लग्नसराईत दोघे एकाच पंगतीला बसून जेवले.

खंडेनवमीला ही सगळी अवजारं धुऊन अंगणात पाटावर मांडली जात. आमच्याकडची रीत अशी, की घरातल्या कर्त्या पुरुषाने कुंकू लावायचं आणि ते नेमकं धारेलाच लावायचं. मुठीला किंवा पाठीला लावलं तर अवजार रुसतं. आजोबा बोटाने धारेवरून कुंकू ओढत, आणि त्यांना कधी ओरखडासुद्धा आला नाही. विळा कितीही धारदार असला तरी पाटावर ठेवला की पाटावरच राहतो. माणसाने हलवला तरच हलतो. ही रीत अशा अवजारांसाठी होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शेतीत भागेना म्हणून बाबा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यात लागले आणि आम्ही तिथेच भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. कारखान्यात दाराच्या बिजागऱ्या बनायच्या. बाबा प्रेसवर होते. प्रेस म्हणजे उभं लोखंडी मशीन, बाजूला मोटरवर फिरणारं भलंमोठं चाक. खाली डाय असते, म्हणजे पोलादी साचा. त्यावर पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पायाने पायडल दाबायचं. वरचं डोकं धाडकन खाली येतं आणि बिजागरीचं पान कापून पडतं. हात आत, हात बाहेर, पाय खाली. दिवसभर हेच. बाबांना त्या वेगाचा फार अभिमान होता. आजोबांना टोमणा मारत, "तुमी जल्मभर जेवढं कापलं, तेवढं आमी आठवड्यात कापतो." आजोबा म्हणत, "कापा, कापा. खायला काय, बिजागऱ्या?"

त्या वर्षी शेठने खंडेनवमीला कामगारांच्या बायकापोरांनाही बोलावलं होतं. शेठ माणूस बरा, पण घाईचा. सकाळी एक ऑर्डर अडकली होती म्हणून प्रेस चालवलं, आणि काम संपल्या संपल्या झेंडूची माळ घालून पूजा मांडली. मी नवा फ्रॉक घालून पेढ्यांच्या बॉक्सपाशी उभी होते. मी हात पुढे केला तसा शेठ म्हणाला, "पहले पूजा, बेटी. पेढा कहाँ भाग रहा है?"

मोटर बंद केली होती. ते सगळ्यांनी पाहिलं. पण प्रेसचं चाक मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ आपल्या जोरावर फिरत राहतं, आणि त्या जोरात एखादा ठोका सहज शिल्लक असतो. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. रोजचं काम होतं त्यांचं. पण त्या घडीला ते मशीन त्यांच्या लेखी अवजार झालं होतं, आणि अवजाराला धारेवर कुंकू लावायचं असतं. बाबा वाकले. उजव्या हाताची बोटं कुंकवात बुडवून त्यांनी डायवर टेकवली. वाकताना तोल सावरायला पाय जिथे रोज जातो तिथेच गेला.

मला त्यातला आवाज सगळ्यात जास्त आठवतो. वेगळा असा आवाज आलाच नाही. पत्रा कापताना यायचा तोच, रोजचा. बाबा आधी ओरडलेही नाहीत. त्यांनी हात बाहेर ओढला, त्याच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःचं डोकं मशीनवर आपटायला लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. चौघांनी धरलं तरी थांबेनात. माळेवर, शेठच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या फ्रॉकवर रक्त उडालं होतं. अंगठा आणि करंगळी जागेवर होती. मधली तीन बोटं डायमध्ये राहिली होती. शेठने चाक उलटं फिरवून मशीनचं डोकं वर घेतलं, पेढे जमिनीवर ओतले आणि रिकाम्या बॉक्समध्ये ती बोटं ठेवली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बॉक्स उघडला आणि लगेच मिटला. चिरडलेली बोटं जोडता येत नाहीत, म्हणाले. त्यानंतर मी पेढा खाल्लेला नाही. लोकांना वाटतं मला शुगर आहे.

आजोबांनी तो बॉक्स पालेगावला नेऊन शेताच्या बांधात पुरला. "मशीनने आपला मान घेतला," एवढंच म्हणाले. ते शेत आता नाही. त्या जागी टॉवर उभा आहे, खाली पार्किंग आहे, आणि माझा भाऊ त्याच टॉवरमध्ये राहतो. त्याची गाडी साधारण तिथेच लागते.

जखम भरल्यावर बाबा पुन्हा त्याच प्रेसवर बसले. डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, उजव्याच्या उरलेल्या चिमट्याने काढायचा. शेठवर चिडून चालणार नव्हतं आणि मशीनवर चिडून उपयोग नव्हता, म्हणून तो राग रोज संध्याकाळी आमच्या खोलीत येई. बाबांची थप्पड ओळखू येत असे. गालावर दोनच वळ उठत, एक वर, एक खाली, आणि मधली जागा कोरी. तो छाप घेऊन आई बाजारात जाई आणि भाजीवाल्या बायका तिच्या तोंडाकडे न बघता वांगी तोलत. भाऊ मधे पडला की त्याला पट्टा. मी मधे पडले की माझे केस धरून मला दाराबाहेर फेकत. मी त्यांचा द्वेष केला. बोटं गेली त्याचं वाईट वाटतंच, पण ती आईने तोडली नव्हती.

मिक्सरच्या भांड्याचा प्रसंग याच दिवसांतला. बाबांनी दिवाळीला हौसेने मिक्सर आणला आणि त्यातली चटणी जाड राहिली म्हणून ताट भिरकावलं. आईने शांतपणे भांडं उचललं आणि त्यांच्या कानशिलात घातलं. ते खाली बसले. पुढे कितीतरी दिवस घरात शांतता होती. भाऊ मला हळूच विचारायचा, "आई रोज का नाय लावत मिक्सर?"

भाऊ मोठा झाला तो बाबांचा राग घेऊनच, पण एका बाबतीत तो वेगळा निघाला. त्याने अंबरनाथला औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला, प्रेस टाकलं आणि पहिल्याच दिवशी आईच्या पायाला हात लावून म्हणाला, "माझ्या गाळ्यात कुणाचं बोट जाणार नाय." त्याने शब्द पाळला. पायडलचं मशीन काढून दोन बटणांचं आणलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, त्यामुळे हात आत राहूच शकत नाही. पण कामगारांनी एक बटण सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवलं, म्हणजे दुसरा हात मोकळा. भावाने त्यातल्या एकाला गाळ्याच्या दारापर्यंत लाथा घालत नेला. मग ते मशीन विकून त्याहून नवं आणलं. आजोबांनी एका विळ्यावर जन्म काढला. बाबांनी एका प्रेसवर नोकरी काढली. भावाचं मशीन गॅरंटी संपायच्या आत जुनं होतं. आपली त्याच्याशी नीट ओळख होईतो ते टेम्पोत चढलेलं असतं. खंडेनवमी मात्र तीच, आणि कुंकूही धारेलाच.

बाबा या पूजेला कधीच येत नसत. खंडेनवमीला सकाळीच घराबाहेर पडायचे आणि अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराच्या पायरीवर जाऊन बसायचे, उजवा हात खिशात घालून. आम्ही कुणी त्यांना बोलवायला जात नसू.

गेल्या दसऱ्यानंतर भावाने आणलेलं मशीन हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. समोर दोन काळे खांब, आणि त्या दोन खांबांच्या मधे प्रकाशाचा पडदा, डोळ्यांना न दिसणारा. त्या पडद्यात हात शिरला की मशीन जिथल्या तिथे थांबतं. भाऊ येईल त्याला ते दाखवायचा. मला दाखवलं, माझ्या नवऱ्याला दाखवलं, लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवलं. पट्टी आत घालायचा, मशीन थांबायचं, आणि हा आमच्या तोंडाकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, हे तेव्हा असतं ना, तर आपला बापूस वेगळा माणूस असता." मीही कित्येकदा तेच मनात म्हटलं होतं.

म्हणून यंदा तो हट्टालाच पेटला. "बाबा, या मशीनला कुंकू तुमच्याच हातचं लागायला पाहिजे. हे मशीन हात ओळखतं." बाबा आधी शिव्या देत राहिले. मग एक दिवस म्हणाले, "बगू तरी, कसा ओळखतो तो." मी सोनिवलीच्या माझ्या घरून सकाळीच निघाले आणि गाळ्यावर पोचले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. उजवा हात गुडघ्यावर उघडा होता. आई त्यांच्या शेजारी होती. या मशीनवर बदलापूरकडची एक बाई काम करते, माझ्याच वयाची. तीही जरीची साडी नेसून, हिरव्या बांगड्या भरून आली होती आणि डायभोवती रांगोळी काढत होती.

पूजा मांडून झाल्यावर बाबा उठले. मशीनच्या बाजूला गेले, वाकले, आणि विचारलं, "चाक थांबला काय?"

भाऊ हसला. "थांबायची गरजच नाय बाबा. चालू मशीनलाच लावा कुंकू. हात आत गेला का आपोआप थांबंल. मग तरी पटंल ना तुमाला?"

"नाटकं कशाला?" मी म्हटलं. "बंद कर आणि लाव."

"ताई, तू गप बस गो."

"हात दाखवून अवलक्षण करू नको," आई म्हणाली. पण बाबांनी बाह्या सरसावल्या होत्या. "मना बगायचाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेली उत्सुकता होती. जन्मभर ज्या मशीनला त्यांचा हात आणि पत्रा एकच होता, ते आज त्यांचा हात बघून थांबणार होतं. त्या क्षणी मलाही ते व्हायला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

भावाने मोटर चालू केली आणि मशीन सलग ठोक्यावर टाकलं. डोकं खाली-वर व्हायला लागलं. पायाखालची फरशी हादरत होती. खांबांवर हिरवे दिवे लागलेले. बाबांनी डाव्या हातात करंडा धरला, उजवी करंगळी कुंकवात बुडवली आणि दोन्ही हात पुढे नेले.

"दादा, चावी!" ती बाई किंचाळली.

भावाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने बाबांच्या मानगुटीला धरलं आणि पोतं फेकावं तसं त्यांना बाजूला फेकलं. बाबा तोंडावर आपटले ते डाय ठेवायच्या लोखंडी रॅकवर. त्यांच्या हातून सुटलेला करंडा आत पडला, डोकं खाली आलं, आणि करंड्याचा पत्रा झाला. मशीन थांबलं नाही. चपट्या करंड्यावर पुन्हा ठोका पडला, आणि पुन्हा. कुंकू गाळाभर उडालं. भावाने लाल बटणावर मूठ मारली, मशीन थांबलं, तरी तो बटणावर मुठी मारतच राहिला. त्याची बोटं सोलून निघाली. मग तो त्या बाईवर धावला. "आधी तोंडात काय कोंबलं होतंस?" त्याने हात उगारला. मी टेबलावरचा पाना उचलला आणि दोघांच्या मधे उभी राहिले. तिला हात लावला असता तर मी पाना त्याच्या डोक्यात घातला असता. खोटं कशाला बोलू.

खाली बाबा उठून बसले होते. भुवई फाटली होती, पुढचा दात तुटून ओठात रुतला होता. ते मशीनकडे बघत होते. "आवाज तोच हाय," ते म्हणाले. "तोच आवाज हाय."

"कसली चावी?" आईने विचारलं.

भाऊ फरशीकडे बघत उभा राहिला. आई त्या बाईकडे वळली. "तू सांग गो. कसली चावी?"

"पडद्याची, मावशी," ती म्हणाली. "चावी फिरवली की पडदा बंद होतो. दिवे तेवढे चालू राहतात. पडदा चालू असला की नुसती बांगडी पुढे गेली तरी मशीन थांबतं. माल निघत नाही वेळेवर. म्हणून गणपतीच्या आधीपासून बंदच ठेवलाय. दादा विसरले असतील."

विसरलाच होता तो. ते मला तेव्हाही कळलं आणि आजही मी तेच म्हणेन. पडदा त्याच्या डोक्यात चालू होता, फक्त मशीनवर बंद होता. वेग हवा म्हणून एका सकाळी त्याने चावी फिरवली, वेग मिळाला, आणि मग चावी फिरवल्याचंही भान राहिलं नाही.

"म्हणजे तू रोज?" आईने विचारलं.

"रोजच," बाई म्हणाली.

आईने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. बांगड्या मागे सारून बघितलं. मग ती बाबांपाशी गेली. "उठ," तिने सांगितलं. आईने बाबांना एकेरी हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "उठ आनि मार त्याला. जल्मभर मना मारलास. आज त्याला मार. आज मी मधी येत नाय."

बाबा रॅकला धरून उठले. भाऊ जागचा हलला नाही, त्याने गाल पुढे केला. बाबांनी तो हात उचलला, अंगठा आणि करंगळीचा, हनुवटीवरून रक्त गळत असताना. हात हवेत राहिला आणि मग खाली आला. ते रडायला लागले, मोठ्याने, तुटक्या दाताने. त्यांच्या हातून होईना. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

मग आईने मारलं. तिचं वय बघता एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. भाऊ धिप्पाड माणूस, पण हेलपाटून मशीनच्या खांबावर गेला. त्याच्या गालावर वळ उठले, एकाखाली एक, पाच. आमच्या घरात गालावर पाच वळ कुणी कधी पाहिले नव्हते.

"हिच्या हाताला काय झालं असतं," आई म्हणाली, "तर तू पन खिशात हात घालून देवलात बसला असतास. आनि ही?"

मग तिने पॅनेलवरची चावी स्वतः फिरवली. पडदा चालू झाला का ते कळायला तिने पायातली चप्पल काढली आणि भावाला मशीन चालू करायला लावलं. चप्पल आत गेली तसं मशीन थांबलं. तिने चावी काढून बटव्यात टाकली. आम्ही बाबांना दवाखान्यात नेलं. भुवईला टाके पडले, ओठातून दाताचा तुकडा काढला. डॉक्टरांनी कसं लागलं ते विचारल्यावर बाबा म्हणाले, "पोराने वाचवला." त्या दिवशी पूजा झालीच नाही.

चावी अजून आईच्या बटव्यात आहे. भावाने मागून बघितली, तिने दिली नाही. गाळ्यातला माल पूर्वीपेक्षा हळू निघतो आणि भाऊ त्यावरून घरात धुसफुसतो. पण कॅम्प पाचला नुसतं कुलूप बघून, चहा होईपर्यंत, दुसरी चावी बनवून देणारे कारागीर आहेत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. भाऊ शपथेवर सांगतो की त्याने बनवलेली नाही. मी अंबरनाथला गेले की वाट वाकडी करून गाळ्यावर डोकावते. दारातूनच त्या बाईला हाक मारते. ती काम थांबवते आणि दोन्ही हात वर करून मला दाखवते.